चर्चच्या रंगीत काचेतलं चित्र कसं ओळखावं

मुंबईत कुलाब्याला १९०५ साली बांधलेलं होली नेम कॅथेड्रल आहे. कॅथेड्रल म्हणजे बिशपांचं मुख्य चर्च. तिथली भित्तिचित्रं आणि रंगीत काचांच्या खिडक्या प्रसिद्ध आहेत. यवतमाळहून मुंबईला गेल्यावर आपण अशा खिडक्या कौतुकाने पाहतो, पण चित्रात कोण आहे ते उमगत नाही. विठोबा जसा कमरेवरच्या हातांवरून कळतो, तसे हे संत खुणांवरून कळतात. त्या खुणा क्रमाने पाहू.

आधी वेळ साधा. काच बाहेरच्या उजेडाने उजळते. परंपरेने वेदी, म्हणजे पूजेचं मुख्य स्थान, पूर्वेला असते. अशा चर्चमध्ये वेदीमागची खिडकी सकाळी खुलते. रात्री आतले दिवे लावले की तीच काच काळपट दिसते. मिस्सा, म्हणजे उपासना, चालू असताना मात्र फिरू नका.

मग काळ्या रेघा पाहा. त्या तडे नव्हेत. काचेचे तुकडे जोडणाऱ्या त्या शिशाच्या पट्ट्या आहेत. रंग बहुधा काचेतच मुरलेला असतो. उदाहरणार्थ, निळा कोबाल्टमुळे येतो. डोळे, बोटं, वस्त्रांच्या चुण्या तेवढ्या कुंचल्याने काढून भट्टीत पक्क्या करतात.

आता डोक्यामागचं तेजोवलय पाहा. दाढीवाला दिसला की आपण येशू म्हणून मोकळे होतो, इथेच चूक होते. वलयात क्रूस असेल तर येशू. साधं वलय असेल तर संत.

पुढे हात पाहा. किल्ल्या म्हणजे संत पेत्र, तलवार बहुधा संत पौल. बाळ येशू आणि लिलीचं फूल मात्र संत अँथनी आणि संत जोसेफ या दोघांकडे असतं. कमरेला गाठी मारलेली दोरी आणि टाळूवरचे केस भादरलेले असतील तर संत अँथनी. जवळ सुताराचा गुण्या असेल तर संत जोसेफ.

पंख असलेला सिंह, पंख असलेला बैल आणि गरुड पाहून ती वाहनं वाटतात. ती वाहनं नाहीत. सिंह म्हणजे मार्क, बैल म्हणजे लूक, गरुड म्हणजे योहान आणि पंख असलेला माणूस म्हणजे मत्तय. शुभवर्तमानं, म्हणजे येशूची चरित्रं, ज्यांच्या नावाने आहेत ते हे चौघे. कबुतर म्हणजे पवित्र आत्मा.

शेवटी खालची पट्टी वाचा. तिथे पुष्कळदा देणगीदाराचं किंवा ज्याच्या स्मरणार्थ खिडकी बसवली त्याचं नाव असतं. ते संताचं नाव समजू नका.

यवतमाळ जिल्हा कॅथलिक चर्चच्या अमरावती धर्मप्रांतात येतो. इथल्या चर्चमध्ये रंगीत काच नसली तरी मूर्ती आणि तसबिरींना याच खुणा लागू पडतात. खूण सापडली नाही तर अंदाजाने नाव ठोकू नका, धर्मगुरूंना विचारा.