व्यालेल्या गाईची ऊर्जातूट आणि बायपास फॅट

दुधाच्या एकूण उत्पादनात भारत १९९८ पासून जगात प्रथम क्रमांकावर आहे. हे दूध मोठ्या गोठ्यांतून कमी आणि दोन-तीन जनावरे बाळगणाऱ्या अल्पभूधारक कुटुंबांकडून अधिक येते. अशा कुटुंबाची एक संकरित गाय व्याल्यानंतर वेळेवर माजावर आली नाही, तर पुढचे वेत लांबते, भाकड काळ वाढतो आणि घरात येणारी रोजची रोकड तितके महिने थांबते. या नुकसानीचे मूळ पुष्कळदा व्याल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतील आहारात असते.

गाय व्याल्यावर दूध झपाट्याने वाढते आणि साधारणतः सहा ते आठ आठवड्यांत उच्चांक गाठते. तिची खाण्याची क्षमता मात्र दहाव्या-बाराव्या आठवड्यापर्यंत पूर्ववत होत नाही. मधल्या काळातील ऊर्जेची तूट ती अंगावरील चरबी वितळवून भरून काढते. गाय खंगते, यकृतावर मेदाचा भार पडून कितनबाधा अर्थात किटोसिस होण्याचा संभव असतो. दुधाळपणा जितका अधिक तितकी ही तूट मोठी. म्हणूनच गावातील सर्वांत चांगली गायच अनेकदा उलटते.

यावर खुराक वाढवणे हा सोपा उपाय वाटतो. परंतु धान्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की कोटीपोटातील आम्लता वाढते. स्निग्ध पदार्थांतून पिष्टमय पदार्थांच्या सुमारे सव्वादोन पट ऊर्जा मिळते, हे जाणूनच की काय, उत्तर भारतात जनावरांना मोहरीचे तेल पाजण्याची जुनी चाल आहे. थोड्या प्रमाणात ते चालते. मात्र सुटे तेल अधिक झाले की कोटीपोटातील तंतुमय चारा पचवणाऱ्या जीवाणूंना ते मारक ठरते आणि एकूण आहारातील मेद शुष्क भागाच्या सहा-सात टक्क्यांवर गेल्यास चाऱ्याचे पचनच मंदावते. ज्या देशात जनावरांचे पोट बव्हंशी गव्हाचा भुसा, भाताचा पेंढा आणि कडबा यांवर भरते, तेथे ही हानी लहान नव्हे.

बायपास फॅट या पेचातून वाट काढते. मेदाम्लांची कॅल्शियमशी संयुगे केल्यास एक प्रकारचा न विरघळणारा साबण तयार होतो. कोटीपोटातील सामू सहा ते सातच्या दरम्यान असल्याने तो तेथे बहुतांशी जसाच्या तसा राहतो. पुढे चौथ्या पोटातील तीव्र आम्लात कॅल्शियम सुटे होते आणि मेदाम्ले लहान आतड्यात शोषली जातात. पामतेलाच्या शुद्धीकरणातून उरणारी मेदाम्ले यासाठी मोठ्या प्रमाणावर वापरतात. करनाल येथील राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेने देशी बनावटीच्या पद्धतीवर काम केले असून तांदळाच्या कोंड्याच्या तेलापासूनही असे मेद तयार करता येते. पामतेलासाठी आपण इंडोनेशिया-मलेशियावर किती विसंबून आहोत हे पाहता या दुसऱ्या वाटेचे मोल सहज ध्यानात यावे.

मात्रा साधारणतः दर लिटर दुधामागे १५ ते २० ग्रॅम धरतात. व्यायच्या आठ-दहा दिवस आधीपासून थोडे थोडे सुरू करून नंतर सुमारे ९० दिवस ते खुराकात मिसळून द्यावे. वास व चव वेगळी असल्याने काही गाई आरंभी तोंड लावत नाहीत. एकदम पूर्ण मात्रा घातली तर खुराकच शिल्लक राहतो आणि तूट उलट वाढते.

अपेक्षाही बेताच्याच असाव्यात. दोनशे ग्रॅम बायपास फॅटमधून मिळणारी ऊर्जा सुमारे दीड लिटर दुधास पुरेल एवढीच असते. शिवाय मेदात प्रथिने नसतात. हिरवा चारा, पेंड आणि खनिज मिश्रण यांत कसूर असेल तर ती यातून भरून निघत नाही. दिवसाला चार-पाच लिटर देणाऱ्या गाईस त्याची सहसा गरज नसते. तिच्यावरील हा खर्च बहुधा वायाच जातो. दुधाळ म्हशींना मात्र त्याचा उपयोग होतो, कारण त्यांच्या दुधात मेदच अधिक.

खरी अडचण हिशेबाची आहे. संकलन केंद्रावर दुधाचा भाव फॅट आणि एसएनएफवर ठरतो. त्यामुळे पशुपालक पुड्याची किंमत आठवड्याभरातील फॅटच्या आकड्याशी ताडून पाहतो आणि आकडा हलला नाही की पुडा बंद करतो. गाय किती खंगली, माजावर कधी आली, किती रेतनांत गाभण राहिली, या नोंदी दुधाच्या पुस्तिकेत नसतात. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने राष्ट्रीय डेअरी योजनेच्या २०१२ ते २०१९ या पहिल्या टप्प्यात संतुलित आहाराचा कार्यक्रम राबवला. त्यात गावातीलच प्रशिक्षित व्यक्ती गोठ्यात येऊन वजन, दूध आणि घरचा चारा पाहून आहार सुचवीत असे. गोठ्यागणिक वेगळा असणारा हा हिशेब पुड्यावर छापता येत नाही. तो अशाच कोणी पशुपालकाच्या अंगणात बसून मांडावा लागतो.