धान्याचे माप, पिठाचे माप व दात्यांस एक विनंती

नांदेड व लातूर या भागांतील गावांहून समितीकडे येणारे धान्य कोणी क्विंटलाने लिहून पाठवितात, कोणी पायलीने. दाने दोन्ही सारखीच मोलाची. परंतु ती एका रकान्यात मांडू लागले की घोटाळा होतो. ज्याचे आयुष्य वकिलीत गेले त्यास वहीतील संदिग्ध शब्द फार खुपतो, आणि ‘शेर’ याहून संदिग्ध शब्द मजपुढे आलेला नाही. वजनी शेर म्हणजे ऐंशी तोळे, आजचे सुमारे 933 ग्रॅम. मापी शेर म्हणजे भांड्यात मावेल तेवढे: दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. 1956 च्या कायद्याने दशमान पद्धती आणली, तरी खेड्यांच्या बोलण्यातून पायली गेलेली नाही.

पाण्याच्या बाबतीत हा वाद नाही. 2016 साली मिरजेहून रेल्वेने लातुरास पाणी आले, तेव्हा पहिल्या खेपेचे पाच लाख लिटर म्हणजे पाचशे टन, हे कोणासही सांगता आले असते. अन्नाचे तसे नाही. एक लिटरच्या भांड्यात तेल सुमारे 910 ग्रॅम राहते, ज्वारी साधारण पाऊण किलो, आणि तिचेच सैल भरलेले पीठ साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास. भांडे दोनदा आपटले की पिठाचा आकडा पुन्हा बदलतो. त्यात शीग निराळीच! रुंद तोंडाच्या मापावर शीग मोठी चढते, अरुंद मापावर लहान. म्हणून सपाट भरता सारखी ठरणारी दोन मापे शिगेने भरली असता सारखी राहत नाहीत. घेताना रुंद माप व देताना अरुंद माप, ही युक्ती व्यापारी वाचकांस मी सांगावयास नको.

आता याचे फळ पाहावे. भांडारातून शंभर मापे, म्हणजे 75 किलो, ज्वारी गिरणीत गेली. दळताना वजन फारसे घटत नाही. पण परत आलेले पीठ त्याच मापाने सुमारे 136 मापे भरते. वाटणाऱ्याने शंभर कुटुंबांस एकेक माप दिले, तर वही चोख जुळते: शंभर आली, शंभर गेली. छत्तीस मापांचा उल्लेखच नाही, आणि प्रत्येक कुटुंबास 750 ऐवजी 550 ग्रॅम मिळाले. चोरी झाली असे कोणतेही न्यायालय म्हणणार नाही.

दोनशे ग्रॅम म्हणजे अर्ध्या रत्तलास किंचित कमी. 1877 च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुरास दिवसाकाठी एक रत्तल धान्य पुरे मानले व मद्रासच्या डॉ. कॉर्निश यांनी दीड रत्तलाचा आग्रह धरला. तो सारा वाद अशाच अर्ध्या रत्तलाचा होता.

यास्तव समितीने वाटप वजनानेच करण्याचे ठरविले आहे. जेथे काटा नसेल तेथे त्या दिवशीच्या त्याच जिनसाची तीन सपाट मापे अगोदर जवळच्या दुकानी तोलून त्यांची सरासरी वहीच्या माथ्यावर लिहावी, पिठाची वेगळी, डाळीची वेगळी. स्वयंपाक्यांनाही हीच सूचना आहे, कारण कढईत पडलेले पीठ मागाहून मोजता येत नाही.

दात्यांनी कृपा करून प्रत्येक पोत्यावर वजन लिहावे. जे पायलीनेच देणार असतील, त्यांनी आपली पायलीही सोबत धाडावी. ती तोलून, पावतीसह परत केली जाईल.