आसूड का कडाडतो?

हवेत ओढलेल्या आसुडाचा तो ‘फट्ट’ असा आवाज येतो कोठून, हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. बहुतेक उत्तरे दोन प्रकारची मिळतात. कोणी म्हणते, टोक जमिनीवर आपटते म्हणून. कोणी म्हणते, टोक मागे वळून आसुडाच्याच अंगावर आपटते म्हणून. पहिले उत्तर पोतराजाकडे नीट पाहिलेला विद्यार्थीच खोडून काढील. पोतराजाचा कोरडा डोक्याच्या वर, मोकळ्या हवेत कडाडतो. टोक तेव्हा कशालाही शिवत नाही. दुसरे उत्तर मात्र सहजासहजी हटत नाही. ते हटवायला वेगवान छायाचित्रणाची मदत घ्यावी लागली, आणि खरे कारण तपशिलात समजायला २००२ साल उजाडले.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आपण एक विशिष्ट आसूड घेऊ. अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात गुरे हाकण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आणि हाताने विणल्या जाणाऱ्या या कातडी आसुडाला बुलव्हिप म्हणतात. १९८१ साली आलेल्या इंडियाना जोन्सच्या पहिल्या चित्रपटातील नायकाच्या हाती हाच होता. आमच्याकडे असा एक आठ फुटी आसूड आहे. ऑस्ट्रेलियात काम करून परतलेल्या एका स्नेह्याने तो दिला. तो कांगारूच्या कातड्याचा असून मुठीसकट त्याचे वजन सुमारे ६०० ग्रॅम भरते. प्रथम पाहणाऱ्याला तो शोभेची वस्तू वाटतो. हातात घेतल्यावर मात्र वेगळेच जाणवते. मनगट किंचित हलवले की एक वळसा मुठीपासून निघतो आणि शेवटापर्यंत सरकत जातो. वाटेत तो कोठे अडखळत नाही. चांगल्या आसुडाची पारख हीच, आणि पुढे आपण पाहणार आहोत की त्या कडाक्याचे मूळही येथेच आहे.

आधी आसूड बनतो कसा ते पाहू. मूठ लाकडी किंवा लोखंडी दांड्याभोवती विणलेली, वीतभर किंवा थोडी अधिक लांब असते. तिच्यापुढे विणलेले लवचिक अंग येते, आणि ते मुठीला जोडलेले नसून एकाच विणीत पुढे गेलेले असते. अंगाच्या शेवटी एकेरी वादी असते. वादीच्या टोकाला बारीक दोऱ्याचा पिळलेला गोंडा बांधतात. आवाज काढण्याचे काम या गोंड्याकडे असते.

विणकाम म्हणजे वेणी घालण्याचाच प्रकार. आपल्या घरची वेणी तीन पेडांची असते. येथे आठ, बारा, सोळा पेड असतात. कारागीर अखंड कातड्यातून गोलगोल फिरत एकच लांब पट्टी कापतो. रापीसारखे धारदार पाते, अंगठा आणि डोळा एवढीच त्याची साधने. कातड्याचा फार ताणला जाणारा भाग तो वगळतो. प्रत्येक पेड मुठीकडे रुंद आणि टोकाकडे अरुंद असा कापावा लागतो. शिवाय विणता विणता काही पेड मध्येच आत दडवून संपवायचे असतात. बारा पेडांनी सुरू झालेली वीण शेवटी निम्म्यावर येते. एवढ्यावर भागत नाही. बाहेरून दिसणाऱ्या वेणीच्या आत आणखी एक चार पेडी वेणी असते. या वेणीला कातड्याचे एक वेष्टण गुंडाळलेले असते, आणि मोठ्या आसुडात तर त्यावर पुन्हा वेणी व पुन्हा वेष्टण असते. यांतला प्रत्येक थर वेगवेगळ्या ठिकाणी संपतो. त्यामुळे जाडी पायऱ्या न पडता कमी होत जाते. शेवटी सगळा आसूड दोन फळ्यांमध्ये ठेवून लाटतात, म्हणजे वीण बसते.

कांगारूचेच कातडे का, यालाही कारण आहे. त्यातील तंतू बहुतांशी पृष्ठभागाला समांतर असतात. गाईच्या कातड्यात ते आडवेतिडवे गुंतलेले असतात. पातळ कापले की त्याची ताकद झपाट्याने घटते. कांगारूचे कातडे पातळ करूनही चिवट राहते, आणि बारीक, घट्ट वीण त्यामुळेच शक्य होते. स्वस्त आसुडात आत सुती दोर नाहीतर कातड्याचे उरलेसुरले तुकडे भरलेले असतात. बाहेरून फरक दिसत नाही, पण वळसा मध्येच विरतो आणि हात दुखतो.

आता या निमुळतेपणाचा उपयोग पाहू. त्यासाठी गतिज ऊर्जेचे शाळेतले सूत्र पुरते. समजा, आसुडाच्या अंगाचे वस्तुमान ५०० ग्रॅम आहे आणि हाताने त्याला दर सेकंदाला १५ मीटर इतका वेग दिला. गतिज ऊर्जा झाली सुमारे ५६ जूल. वळसा पुढे सरकतो तसतसा मागचा, हाताकडचा भाग जवळपास स्थिर होत जातो. म्हणजे तीच ऊर्जा पुढच्या, अजून हलत असलेल्या भागात साठत जाते. त्या भागाचे वस्तुमान सारखे घटत असते. मग वेग वाढण्यावाचून गत्यंतर नाही. वस्तुमान शंभरावा हिस्सा उरले की वेग दहापट होतो. सर्व ऊर्जा अशी पुढे गेली असे धरले, तर सुमारे पाव ग्रॅम वस्तुमान उरते तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ६८० मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या दुप्पट होईल. पाव ग्रॅम म्हणजे आपल्या गोंड्याचा वीतभर दोरा! प्रत्यक्षात काही ऊर्जा हवेच्या विरोधात आणि कातड्याच्या आतल्या घर्षणात जाते, तर हातही वाटेत थोडी ऊर्जा पुरवीत राहतो. तरी हा हिशेब वास्तवापासून फार दूर नाही.

येथे विद्यार्थ्यांना एक उपप्रश्न विचारण्यासारखा आहे. एकाच जाडीचे चऱ्हाट का कडाडत नाही? तोच हिशेब आठ फुटी चऱ्हाटाला लावू. वस्तुमान दोन हजारावा हिस्सा उरायचे, तर चऱ्हाटाची लांबी जेमतेम सव्वा मिलिमीटर उरली पाहिजे. जाड दोराला एवढ्याशा जागेत वळसा घालताच येणार नाही! म्हणून आसूड निमुळता हवा. पोतराजाचा कोरडा कातडी नसतो, पण मुठीकडे जाड आणि टोकाकडे बारीक होत जातो, हा योगायोग नव्हे. या दोन्ही कारागिरांनी सूत्र मांडले नव्हते, हात मात्र बरोबर चालवला होता.

तर वेग मिळाला, आवाजाचे काय? २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. एखादी वस्तू याहून वेगाने जाऊ लागली की तिच्यापुढची हवा बाजूला सरायला सवड मिळत नाही. हवेचे दाब एकावर एक साचतात आणि त्यांचा एक तीव्र आघाततरंग बनतो. वेगाने जाणाऱ्या होडीपुढे पाण्याची तिरपी लाट उठते, तसेच काहीसे. स्वनातीत विमान गेल्यावर ऐकू येणारा स्फोटासारखा आवाज हाच. आसुडाचा कडाकाही असाच असावा, ही कल्पना जर्मन भौतिकीविज्ञ ऑटो लुमर यांनी १९०५ साली मांडली. १९२७ साली फ्रान्समध्ये कारिएर यांनी आघाततरंगाची छायाचित्रे घेऊन तिला पुरावा दिला. टोक स्वतःच्याच दोरीवर आपटते, हे उत्तर तेथे संपले. चक येगर यांनी १४ ऑक्टोबर १९४७ रोजी विमानातून ध्वनीचा वेग ओलांडला, ही मोठी घटना खरीच. पण गुराख्यांच्या हातातले दोरे त्याच्या कितीतरी आधीपासून हे रोज करीत आले होते.

बहुतेक पुस्तकांत गोष्ट येथेच थांबते: टोक ध्वनीचा वेग ओलांडते आणि कडाका होतो. आम्हीही बरीच वर्षे हेच सांगत आलो, आणि ढोबळ मानाने ते चूक नाही. पण १९९८ साली पीटर क्रेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत अतिवेगवान कॅमेऱ्याने टोकाची गती आणि आघाततरंग दोन्ही एकत्र मोजले, तेव्हा एक कोडे उभे राहिले. आघाततरंग निघतो त्या क्षणी टोकाचा वेग ध्वनीच्या वेगाइतका नव्हे, त्याच्या सुमारे दुप्पट असतो! टोक हाच आवाजाचा उगम असेल, तर ध्वनीचा वेग ओलांडताक्षणीच तरंग का निघू नये? दुप्पट होईपर्यंत वाट कशाची?

२००२ साली अमेरिकेतील अॅरिझोना विद्यापीठात अॅलन गोरिएली आणि टायलर मॅकमिलन यांनी गणिताने याचे उत्तर दिले. आवाजाचा उगम टोक नसून सरकणारा वळसा आहे. वळसा ध्वनीच्या वेगाला पोहोचला की आघाततरंग निघतो. आणि त्या वेळी टोकाचा वेग दुप्पट असतो.

हे ‘दुप्पट’ वर्गात एका मिनिटात दाखवता येते. शिंप्याची १५० सेंटिमीटरची टेप घ्या. जवळच, तिला समांतर, टेबलावर मापाच्या खुणा करा. टेपचे एक टोक शून्याच्या खुणेवर चिकटवा. टेप ८० च्या खुणेपर्यंत सरळ नेऊन तेथे घडी घाला आणि उरलेली मागे आणा. मोकळे टोक आता १० च्या खुणेवर येईल. हे टोक पुढे ५० पर्यंत ओढा, आणि घडी कोठे गेली ते पाहा. ती १०० वर असेल. टोक ४० सेंटिमीटर गेले, घडी २०. सतरंजी उलगडताना हेच घडते. आणि रस्त्यावर धावणाऱ्या सायकलच्या चाकाचा सर्वांत वरचा बिंदू आसाच्या दुप्पट वेगाने जातो, तोही याच नियमाने. आसुडात चिकटवलेले टोक म्हणजे आपला हात, घडी म्हणजे वळसा. विद्यार्थ्यांना आधी टेप ओढू द्यावी आणि क्रेल यांचे कोडे नंतर सांगावे. उलट क्रमाने मजा जाते.

जाता जाता डायनोसॉरांबद्दल. लांब, निमुळत्या शेपटीचे अपॅटोसॉरससारखे प्राणी शेपूट आसुडासारखी कडाडवीत असावेत, असे १९९७ साली एका संगणकीय अभ्यासातून सुचवले गेले. कल्पना फार लोकप्रिय झाली. २०२२ साली दुसऱ्या एका गटाने कातडी, स्नायू व कंडरा यांची ताकद हिशेबात घेतली, तेव्हा शेपटीचा वेग सेकंदाला ३० मीटरच्या आसपासच राहतो असे दिसले. आकार निमुळता असून भागत नाही; त्या वेगाला सामग्री टिकायला हवी. आसुडाचा गोंडासुद्धा थोड्याच कडाक्यांनी पिंजून जातो. पण तो सुटा असतो, बदलता येतो. शेपटीची तशी सोय नाही.

आसुडाबद्दल इतके कौतुकाने लिहिताना दुसरी बाजू सोडून चालणार नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांच्या पाठी याच जातीच्या चाबकांनी फोडल्या गेल्या. आपल्याकडे कोरड्याचे फटके पोतराज स्वतःच्या अंगावर घेतो, ते दोन पैशांसाठी. ऑस्ट्रेलियातला कुशल गुराखी मात्र जनावराला आसूड लावत नाही; आवाजानेच कळप वळवतो. सिडनीच्या २००० सालच्या ऑलिंपिकचे उद्घाटन एका घोडेस्वाराने आसूड कडाडवून झाले, तेव्हा लोकांना आठवला तो हा आवाज. आम्हाला आसूड आवडतो तो याच अर्थाने. रविवारी सकाळी मोकळ्या मैदानावर उभे राहावे, हात सैल ठेवावा आणि जोर न लावता वळसा सोडावा. नवशिका जोर लावतो आणि आवाज निघत नाही. वळसा एका पातळीत नीट गेला, तर दहा वर्षांच्या मुलाच्या ताकदीनेही निघेल. मुलांच्या हाती मात्र देऊ नये. गोंडा डोळ्याला लागला तर डोळा जाईल. चश्मा, टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि कानात बोळे हवेतच. आसुडाच्या लांबीच्या दुप्पट अंतरात माणूस वा जनावर नको.

राहिली निगा. आसूड खिळ्याला टांगू नये, तेथे कायमची मोड पडते. सैल वेटोळे करून ठेवावा. भिजू देऊ नये. आपल्या पावसाळ्यात त्याला बुरशी धरते, म्हणून कपाटातून काढून अधूनमधून वारा द्यावा आणि कातड्याला लावायचे स्निग्ध मलम अगदी थोडे चोळावे; जास्त झाले तर वीण सैलावते. गोंडा दर वेळी तपासावा. तो रेशमी किंवा नायलॉनच्या दोऱ्याचा घरी पिळता येतो. दोऱ्याचा मध्य खिळ्याला अडकवून दोन्ही पदर एकाच दिशेने पिळायचे, मग एकत्र सोडायचे; ते आपोआप उलट्या दिशेने एकमेकांभोवती बसतात. टोकाशी गाठ मारून पुढे दोन बोटे दोरा मोकळा ठेवायचा.