लाल टोपण, नारिंगी टोपण

अण्णांचे सारे आयुष्य मोजमापात गेले. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांनी तीस वर्षे काढली. शतांश मिलिमीटरची चूकही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. निवृत्तीनंतर मधुमेहाच्या गोळ्या पुरेनात आणि इन्सुलिन सुरू झाले, तेव्हा घरात कुणी फारशी काळजी केली नाही. सिरिंजवरच्या बारीक रेघा वाचायला याहून तयार डोळे कुठे मिळणार?

तरीही गेल्या पावसाळ्यात एका रात्री तीन वाजता आईने मला हाक मारून उठवले. अण्णा अंथरुणात बसले होते. बनियन घामाने चिंब, हात थरथरत होते, आणि ते मला विचारत होते, "तिसऱ्या पाळीचा माणूस आला का रे?" बोटातल्या रक्ताची साखर पाहिली, तर अवघी ४६. सुदैवाने त्यांना गिळता येत होते. पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, पुन्हा पाजली. तासाभराने त्यांनी मला नावाने हाक मारली, तेव्हा आईने देवापुढे दिवा लावला. (माणूस बेशुद्ध असता तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा लागला असता, हेही त्या दिवशी कळले.)

सकाळी डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाटली आणि सिरिंजा घेऊन या. जुन्या उरल्या असतील तर त्यासुद्धा." आम्ही पिशवी रिकामी केली. जुन्या सिरिंजांना नारिंगी टोपण होते, आदल्या संध्याकाळी उघडलेल्या नव्या पाकिटातल्या सिरिंजांना लाल. आम्हाला तो कंपनीचा रंग वाटला होता.

आपल्याकडे इन्सुलिनच्या बहुतेक बाटल्या '४० आययू'च्या असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये चाळीस युनिट. त्यांच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते. पेनमधल्या काडतुसात बहुधा १०० आययूचे, म्हणजे अडीचपट तीव्र इन्सुलिन असते. शंभराच्या बाटल्याही मिळतात आणि त्यांच्यासाठी नारिंगी टोपणाची सिरिंज असते. मध्यंतरी आमच्या हाती चाळीसची बाटली आणि शंभराची सिरिंज आली. अण्णा इमानाने वीसच्या रेघेपर्यंत औषध भरत, पण शरीरात जात होती फक्त आठ युनिट. साखर चढत गेली म्हणून डॉक्टरांनी डोस तीसवर नेला. तरी प्रत्यक्षात बाराच जात होती. मग पाकीट संपले, नवे लाल टोपणाचे आले, आणि त्या संध्याकाळी प्रथमच खरोखरची तीस युनिट पोटात गेली.

चूक उलटी झाली असती, म्हणजे शंभराचे इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजमध्ये भरले असते, तर वीसच्या जागी एका फटक्यात पन्नास युनिट गेली असती. पेनच्या काडतुसातले औषध सिरिंजने काढू नये, असे बजावून सांगतात ते याचसाठी.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पट्टी बदलली आणि मी बघितलंच नाही. कारखान्यात असं केलं असतं तर घरी पाठवलं असतं मला."

इन्सुलिनची कथा आपण ऐकलेली असते. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी ते वेगळे केले, आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला त्याचे पहिले इंजेक्शन मिळाले. २००३ साली वोखार्ट कंपनीने 'वोसुलिन' बाजारात आणले, तेव्हा मानवी इन्सुलिन आमच्याच शहरात तयार होते याचा इथल्या माणसांना अभिमान वाटला. औषधाबद्दल आपण एवढे बोलतो. ते ज्या सुईतून आत जाते, तिच्याबद्दल मात्र केमिस्टला "एक पाकीट द्या" यापलीकडे आपण काही विचारत नाही.

त्या दिवशी डॉक्टरांनी अण्णांचे पोटही तपासले. बेंबीच्या डावीकडे लिंबाएवढी मऊ गाठ होती. अण्णा रोज तिथेच टोचत, कारण तिथे दुखत नसे. शिवाय एक सुई चांगली आठवडाभर पुरवत. काटकसरीत वाढलेला माणूस, धड दिसणारी वस्तू फेकणार कशी? पण इन्सुलिनची सुई एका वापरासाठीच बनवलेली असते. तिच्यावरचा गुळगुळीत लेप निघून जातो, टोक वाकते, आणि तीच ती जागा वारंवार टोचली की कातडीखाली चरबीची गाठ धरते. अशा गाठीतून औषध कधी कमी शोषले जाते, कधी एकदम. म्हणून प्रत्येक टोचणी आधीच्या जागेपासून बोटभर अंतरावर हवी. आणि गाठ सोडून चांगल्या जागी टोचायला लागल्यावर तोच डोस जास्त लागू पडू शकतो, तेव्हा हा बदल डॉक्टरांना सांगूनच करावा.

सुईच्या लांबीबद्दलही आमचा गैरसमज होता. जाड माणसाला लांब सुई लागते, अशी आमची समजूत. डॉक्टर म्हणाले, "माणूस जाड असो की बारीक, कातडी दोन-अडीच मिलिमीटरच असते." अण्णांना हा आकडा फार आवडला. पेनसाठी ४ मिलिमीटरची सुई बहुतेक सगळ्यांना पुरते, आणि ती सरळ टोचायची. सुई लांब असली तर औषध चरबीऐवजी स्नायूत जाते आणि साखर अचानक उतरू शकते. सिरिंजची सुई पेनच्या सुईहून लांब असते, म्हणून त्वचेची चिमट घ्यायची आणि बारीक माणसाने ती तिरपी धरायची. गेजचा आकडा मोठा तितकी सुई बारीक, हे अण्णांना सांगावे लागले नाही, तारेचे गेज त्यांना पाठ होते. पेन वापरणाऱ्याने आधी दोन युनिट हवेत सोडून सुई चालू आहे ना ते पाहावे, बटण दाबल्यावर दहा आकडे मोजूनच सुई बाहेर काढावी आणि लगेच पेनपासून वेगळी करावी. सुई नवी असली, तरी एकाचे पेन दुसऱ्याने वापरू नये.

राहिली वापरलेली सुई. ती आम्ही टोपण लावून कचऱ्याच्या पिशवीत टाकत असू. एकदा घंटागाडीबरोबर येणाऱ्या मावशींनी मला आपले बोट दाखवले. कुणाच्या तरी पिशवीतली सुई त्यात शिरली होती. पुढे महिनाभर त्या रक्ताच्या तपासण्या करत होत्या. २०१८ साली नारेगावच्या कचरा डेपोविरुद्ध तिथली गावे उठली आणि सारे शहर कचऱ्यात बसले, हे आम्ही विसरलेलो नाही. त्यानंतर चिकलठाण्यातच कचऱ्यावर प्रक्रिया करणारे केंद्र उभे राहिले. आमच्या पिशवीत कुणाचा तरी हात जातो, हे आम्हाला कळायला हवे होते. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही घरातल्या वापरलेल्या सुया-सिरिंजा घातक कचऱ्यात धरल्या होत्या.

आता आमच्याकडे जाड प्लॅस्टिकची, फिरकीच्या झाकणाची एक बाटली आहे. अण्णांनी तिच्यावर कारखान्याच्या ठसठशीत अक्षरांत लिहिले आहे : 'सुया. हात लावू नये.' सुई वापरली की टोपण न लावता थेट आत. बाटली पाऊण भरली की झाकण घट्ट करून मी ती डॉक्टरांच्या दवाखान्यात देतो, तिथला जैववैद्यकीय कचरा वेगळा नेला जातो. तुमच्या दवाखान्यात किंवा लॅबमध्ये घेतात का, हे एकदा विचारून ठेवा.

आणखी एक रिवाज पडला आहे. नवे पाकीट आले की अण्णा चष्मा लावून बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाचतात, "चाळीस." आई सिरिंजवरचा वाचते, "चाळीस. टोपण लाल." मगच पाकीट फाडायचे. परवा आईला घाई होती, तिने न बघताच "चाळीस" म्हटले. अण्णांनी पाकीट तिच्या हातातून घेतले, उजेडाकडे धरले आणि म्हणाले, "बघून सांग."