एकसष्टाचें ज्येष्ठ मूल

१७६६३१९०४९ ही संख्या वाचकांनीं एकदां सावकाश वाचावी : एक अब्ज, शहात्तर कोटि, त्रेसष्ट लक्ष, एकोणीस हजार, एकोणपन्नास. दिसावयास ती एखाद्या पेढीच्या खातेवहींत शोभेल अशी. परंतु तिचा गुण विलक्षण आहे. तिच्या वर्गांतून एक वजा केला, तर बाकी राहते ती बरोबर २२६१५३९८० च्या वर्गाची एकसष्ट पट. आणि एकाहून मोठ्या पूर्ण संख्यांत हा गुण असलेली हीच सर्वांत लहान होय.

आमच्या जुन्या गणितांत या प्रकारास वर्गप्रकृति म्हणतात. एका संख्येचा वर्ग ६१ नें गुणावा, त्यांत एक मिळवावा, आणि येणारी बेरीज पुन्हां पूर्ण वर्ग असावी. पहिली संख्या कनिष्ठ मूल व ज्या संख्येचा वर्ग येतो ती ज्येष्ठ मूल. (मूल म्हणजे येथें मूळ, लेंकरूं नव्हे!) ६१ चे शेजारी पाहावे तर अगदीं अल्पसंतुष्ट. ६० ला ४ व ३१ पुरतात, ६२ ला ८ व ६३, आणि ६३ ला तर १ व ८. मधल्या एकसष्टानेंच एवढें अवडंबर कां माजवावें?

तरुणपणीं एका दिवाळीच्या सुट्टींत आम्ही १, २, ३ असे आंकडे घालून पाहण्यास बसलों. चारशेंपर्यंत गेलों, दोन वह्या भरल्या, आणि शाळा उघडतांच 'या उदाहरणास उत्तर नाहीं' असें फळ्यावर लिहून मोकळे झालों. पुढें भास्कराचार्यांचें 'बीजगणित' वाचनांत आलें तेव्हां ओशाळलों. दर मिनिटास एक याप्रमाणें अहोरात्र आंकडे तपासले असते, तरी कनिष्ठ मूलापर्यंत पोंचण्यास ४३० वर्षें लागलीं असतीं. ती तुकडी तोंवर शाळा सोडून गेली होती; त्यांच्या वह्यांतून आमची चूक तशीच राहिली.

आचार्यांनीं हें उदाहरण ११५० च्या सुमारास चक्रवाल रीतीनें सोडविलें. ८ चा वर्ग ६४ हा ६१ हून ३ नें अधिक. हा ३ म्हणजे क्षेप. चक्राची एक फेरी दिली कीं ३९ व ५ हातीं येतात. ३९ चा वर्ग १५२१ आणि ५ च्या वर्गाची एकसष्ट पट १५२५; अंतर अवघें चार! येथून ब्रह्मगुप्ताच्या (इ. स. ६२८) भावनेनें २९७१८ व ३८०५ मिळतात, व अंतर एकावर येतें, मात्र वर्ग एकानें कमी पडतो, अधिक नव्हे. या दोन संख्यांच्या गुणाकाराची दुप्पट म्हणजे कनिष्ठ मूल. २९७१८ च्या वर्गाच्या दुपटींत एक मिळविला कीं ज्येष्ठ मूल. घरांतील मुलांनीं पाटी घेऊन एवढें अवश्य करून पाहावें.

१६५७ मध्यें फ्रान्समधील फर्मा यानें फ्रेनिकल नांवाच्या गणित्यास पत्रांतून हाच ६१ चा प्रश्न घातला. भास्कराचार्यांची वार्ता त्यास नव्हती. तथापि अशा प्रश्नास उत्तर नेहमींच असतें याची रीतसर सिद्धता अठराव्या शतकांत लग्रांज यानेंच दिली, हेंही आपण मोकळेपणानें सांगितलें पाहिजे. फर्माच्या पत्रांत ६१ च्या जोडीस १०९ हा आंकडाही होता. त्याचें ज्येष्ठ मूल पंधरा अंकी आहे. त्यास आम्ही अद्याप हात घातलेला नाहीं.