लग्नाची सीडी किती पावसाळे काढेल?

कर्जत-खालापुरात कितीतरी घरांच्या लोखंडी कपाटात लग्नाच्या सीडी-डीव्हीडी जपून ठेवलेल्या असतात. अमेरिकेच्या ‘निस्ट’ संस्थेने २००३ मध्ये अशा तबकड्यांसाठी २० ते ५० टक्के आर्द्रता सुचवली. आपल्याकडे जुलैत चपलांनाही बुरशी येते!

सीडी उजेडासमोर धरून पाहा. टाचणीएवढी भोकं दिसली, तर चकाकणारा थर उडू लागलाय. हा थर नावाच्या बाजूला, वॉर्निशसारख्या पातळ लेपाखाली असतो. म्हणून तिथे बॉलपेनने वधू-वरांची नावं लिहिणं फार घातक. डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये असतो, त्यामुळे जरा सुरक्षित.

म्हणून सगळं एसएसडीवर (चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हवर) टाकून निर्धास्त होऊ नका. ‘जेईएसडी २१८’ मानकानुसार, पुरेपूर वापरून झालेल्या घरगुती एसएसडीने विजेविना, ३० अंश तापमानात एक वर्ष माहिती टिकवली, तरी ती उत्तीर्ण.

दुसरी प्रत कराच, पण त्याच कपाटात नको. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापुरातल्याच इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि घरंच्या घरं गाडली गेली. ती प्रत पनवेल-पुण्याच्या नातेवाइकांकडे द्या, आणि दर दिवाळीला दोन्ही लावून बघा.