बिनवाटेच्या रानाचे मोल कसे करावे?



वाटणी, कर्ज, खरेदी-विक्री किंवा भूसंपादन, यांपैकी कोणतेही काम निघाले की जमिनीची किंमत काढावी लागते. आपल्या नांदेड-लातूर भागात वाटण्या होत होत गटांचे इतके तुकडे पडले आहेत, की चारी बाजूंनी दुसऱ्यांच्या रानात कोंडलेली जमीन गावोगाव सापडते. माणूस बांधावरून चालत जातो. पण गाडी जाईना, ट्रॅक्टर जाईना. तिथे ऊस केला तर मोळ्या डोक्यावरून सडकेपर्यंत आणाव्या लागतात. म्हणून पुष्कळदा असे रान पडीकच राहते. त्याचे मूल्यांकन कसे झाले पाहिजे, ते येथे पाहू.

पहिला नियम असा, की जमीन आज जशी आहे तशीच तिची किंमत करायची. वाट नसेल तर ‘वाट नाही’ असे धरूनच. ‘पुढेमागे वाट मिळेल’ असे मनात धरून किंमत केली आणि अहवालात ते लिहिलेच नाही, तर तो अहवाल फसवा ठरतो. आंतरराष्ट्रीय मूल्यांकन मानकेही हेच सांगतात: जे गृहीत धरले ते स्पष्ट लिहा. चांगला मूल्यांकनकार वाटेशिवायची आणि वाट मिळाली तर येणारी, अशा दोन्ही किमती वेगवेगळ्या दाखवतो.

पण वाट नाही हे ठरवायचे कसे? नुसते रान बघून भागत नाही. गाव नकाशा काढावा. त्यावर गाडीवाट दोन तुटक रेषांनी आणि पायवाट एका तुटक रेषेने दाखवलेली असते. जुनी पांदण नकाशावर असते आणि जागेवर शेजाऱ्याने नांगरून टाकलेली असते, असेही होते. मग सातबाराचे इतर हक्क, जुने खरेदीखत, वाटणीपत्र आणि चतुःसीमा पाहाव्यात. एकाच गटाची वाटणी होऊन मागचा तुकडा कोंडला असेल, तर भाऊबंदांच्या रानातून गरजेपुरती वाट मागता येते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतात. असलेली वाट कोणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. हक्काची वाट, तोंडी वाट आणि मुळीच नसलेली वाट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिघींचे मोल एक नव्हे.

आता हिशेब पाहू. आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, सडकेला लागून असलेल्या रानाचा भाव एकरी १२ लाख आहे. आपले दोन एकर २०० मीटर आत आहे. वाट असती तर किंमत २४ लाख. तीन मीटर रुंदीच्या वाटेला ६०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ६ गुंठे लागतात. गुंठ्याला ३० हजार धरले तर १ लाख ८० हजार. मोजणी, दस्त आणि मुरूम मिळून १ लाख २० हजार. एकूण ३ लाख वजा जाता २१ लाख. मात्र हा आकडा शेजाऱ्याने वाट लेखी दिली तरच खरा. तो ‘नाही’ म्हणाला, तर खर्च वजा करून भागत नाही. तेव्हा त्याच शिवारातल्या दुसऱ्या बिनवाटेच्या जमिनी कशा विकल्या गेल्या, ते दस्त काढून पाहावे लागते. त्या एकरी ७ लाखांनी गेल्या असतील, तर आजचे मोल १४ लाखच. म्हणजे ३ लाखांच्या वाटेपायी ७ लाखांचा फरक पडतो!

शेजाऱ्याचा मुद्दाही ध्यानात घ्यावा. ज्याचे रान सडकेपासून आपल्या बांधापर्यंत आहे, त्याला वेगळी वाट लागतच नाही. त्याच्या हाती ही जमीन पुऱ्या किमतीची. पण गिऱ्हाईक तो एकटाच, म्हणून तो भाव पाडून मागतो. सर्वोच्च न्यायालयाने चिमणलाल हरगोविंददास विरुद्ध विशेष भूसंपादन अधिकारी, पुणे या १९८८ च्या निकालात किंमत वाढवणाऱ्या व घटवणाऱ्या बाबी मांडल्या आहेत. रस्त्याची जवळीक, रस्त्यावरचे तोंड आणि लगतच्या मालकाला असलेले खास मोल या वाढीच्या बाबी. रस्त्यापासून आत असणे ही घटीची.

रेडी रेकनरवर मात्र विसंबू नये. तो मुद्रांक शुल्कासाठी गावाचा दर सांगतो. अमुक गटाला वाट आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसते. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यात तो दर आणि मागील तीन वर्षांच्या तशाच जमिनींच्या विक्रीची सरासरी यांतला जास्त आकडा धरतात. सरासरी काढताना त्यांतले वरच्या किमतीचे निम्मे दस्तच घेतात. इथे ‘तशाच’ हा शब्द महत्त्वाचा. लातूर-अहमदपूर-लोहा-नांदेड असा जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ३६१ लगतचे रान आणि दोन गट आतले रान सारखे नव्हे. शिवाय महामार्गाला लागून असले तरी त्यावर गाडी काढायला परवानगी लागते, हेही तपासावे.

तेव्हा सभासदांनी तीन गोष्टी कराव्यात. वाटणी करताना मागच्या भावाच्या वाट्याला गाडीवाट कागदावर सोडावी. क्षेत्र समान म्हणजे किंमत समान नव्हे. मिळालेल्या वाटेची नोंद सातबाराच्या इतर हक्कांत करून घ्यावी. आणि शेजाऱ्याला रान देण्याआधी दोन्ही किमतींचा लेखी अहवाल हाती घ्यावा. अडचणीत असलेला माणूस घाईने सही करतो आणि वाटेची किंमत शेजाऱ्याच्या खिशात जाते. तसे आपल्या कोणा सभासदाचे होऊ नये, एवढीच आमची तळमळ आहे.